‘ब्रेक फेल’ छापण्याआधी एक विचारा: कोणतं चाक?

माननीय संपादक यांस,

सप्रेम नमस्कार.

पावसाळा लागला की घाटातल्या अपघातांच्या बातम्या वाढतात, आणि कारची बातमी असली की तिच्यात दोन शब्द हमखास सापडतात: ‘ब्रेक फेल’. चालक सांगतो, पोलीस लिहून घेतात, वार्ताहर पाठवतो, तुम्ही छापता. विषय संपला. जणू ब्रेक म्हणजे घरातला बल्ब, आत्ता होता आणि आत्ता उडाला.

मी चिपळूणजवळ खेर्डीत एकतीस वर्षं गॅरेज चालवतो. वर्तमानपत्राला पत्र लिहायची ही पहिलीच वेळ, तेव्हा चूकभूल द्यावी घ्यावी. काहीही न सांगता एकाएकी ब्रेक गेलेल्या गाड्या माझ्याकडे आजवर एका हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या आल्या. एकीची नळी उंदराने कुरतडली होती, एकीचा पाइप खालून दगड लागून फाटला होता. बाकी सगळ्या गाड्या त्याआधी महिनोन्‌महिने कुरकुरत होत्या, ऐकणारं कोणी नव्हतं. ट्रक आणि एसटीचे ब्रेक हवेच्या दाबावर चालतात. ते शास्त्र वेगळं, त्यात मी शिरत नाही. मला बोलायचंय ते कारच्या पुढच्या चाकातल्या कॅलिपरबद्दल, म्हणजे चाकाबरोबर फिरणाऱ्या लोखंडी तबकडीला (डिस्कला) दोन्ही बाजूंनी पॅडं दाबून थांबवणाऱ्या चिमट्याबद्दल. कॅलिपर हा शब्द माझ्या निम्म्या गिऱ्हाइकांनी बिलावर पहिल्यांदा वाचलेला असतो.

गुहागरकडचे एक निवृत्त गुरुजी माझे जुने गिऱ्हाईक. लहान पांढरी गाडी, दहा-अकरा वर्षांची. मध्यंतरी मुलाच्या सांगण्यावरून ते एका मोठ्या सर्व्हिस सेंटरला जाऊ लागले होते. मला त्याचा राग नाही. तिथे एसी आहे, सोफा आहे, मशीनचा चहा आहे. माझ्याकडे एक स्टूल आहे आणि त्यावर बहुतेक वेळा मांजर असतं. तर गेल्या वर्षी मे महिन्यात गुरुजी आणि काकू कऱ्हाडहून लेकीकडून परत येत होते. कुंभार्ली घाट उतरून पोफळीला आले तेव्हा काकू म्हणाल्या, “काहीतरी करपतंय.” गुरुजी म्हणाले, “शेतात भाजावळ चालली असेल कुठे तरी.” शिरगाव गेलं, अलोरे फाटा मागे पडला, वास जाईना. तेव्हा काकूंनी विचारलं, “भाजावळ काय आपल्याबरोबर गाडीत बसून येत्येय?”

गाडी माझ्या दारात उभी राहिली ती अशी.

गाडीला हत्यार लावण्याआधी मी चारी चाकांजवळ तळहात नेतो. टेकवत नाही, वीतभर लांब ठेवतो. घाट उतरलेली गाडी, पुढची दोन्ही चाकं तापलेली असणारच. उजवं चाक चहाच्या ग्लासाएवढं गरम होतं. डावीकडे हात नेला तर चुलीसमोर बसल्यासारखी धग. बोट ओलं करून चाकाच्या नटावर एक थेंब सोडला, तो चुर्र करून नाहीसा झाला. घावनाचा बिडाचा तवा तापला का बघतात, तसंच. नाही तरी ब्रेकची डिस्क म्हणजे बीडच असतं. माझ्या मुलाने लांबून तापमान दाखवणारी बंदूक घेऊन ठेवलीय, तिच्यावर डावी डिस्क २४० अंशांच्या वर आणि उजवी ९५ दाखवत होती. एवढा फरक दिसला की पुढचं निदान निम्मं झालं. दोन्ही चाकं सारखी तापली तर ती घाटाची करामत. एकच तापलं तर ते चाक ब्रेक सोडायला तयार नाही.

गुरुजींनी फायलीतून बिलं काढली, गुरुजीच ते. चौदा महिन्यांत ब्रेक पॅड दोनदा बदललेले. डिस्क एकदा लेथवर घासून घेतलेल्या. गाडी डावीकडे ओढते म्हणून अलाइनमेंट (चाकं सरळ रेषेत जुळवणं) तीन वेळा. सगळं मिळून अकरा हजारांच्या वर गेलेलं. एकाही बिलावर ‘कॅलिपर पिन’ हा शब्द नाही. वर गुरुजींनी सांगितलं की गाडीचं अ‍ॅव्हरेजही लिटरला दोनेक किलोमीटरने उतरलंय. मी म्हटलं, “गुरुजी, तुम्ही वर्षभर ब्रेक दाबूनच गाडी चालवताय.”

गाडी ओढण्याबद्दल इथेच सांगून टाकतो, कारण त्यात फार लोक फसतात. नुसतं चालताना गाडी डावीकडे जात असेल आणि डावंच चाक तापत असेल, तर डावा ब्रेक धरून बसलाय. पण नुसती चालताना सरळ असेल आणि ब्रेक दाबल्यावरच डावीकडे खेचली जात असेल, तर उलटं. तेव्हा बऱ्याचदा उजवा ब्रेक काम करत नसतो आणि डावा बिचारा एकटा गाडी थांबवत असतो. अलाइनमेंट बिघडली तर गाडी ओढेल, टायर एका बाजूने झिजेल, पण चाक तापणार नाही. अलाइनमेंट करण्याआधी चाकाला हात लावून बघायला पैसे पडत नाहीत.

तासाभराने चाक निवलं. जॅक लावला, खाली स्टँड दिला. (नुसत्या जॅकवर गाडी ठेवून खाली हात घालणारे माझ्याकडे दुसऱ्या दिवशी कामाला राहत नाहीत.) उजवं चाक हाताने फिरवलं तर फिरलं. डावं दोन्ही हातांनी जोर लावला तेव्हा कसंबसं हललं, घर्र्‌ आवाज करत. मग चाक काढून कॅलिपरचा हवा काढायचा निपल पाव फेरा सैल केला. थोडं ऑइल आलं, डिस्क होती तशीच जाम. निपल उघडूनही डिस्क सुटली नाही म्हणजे ऑइलचा दाब अडकलेला नाही. दुखणं लोखंडाचं आहे, पिस्टन तरी नाही तर पिना तरी. दोन मिनिटांची ही चाचणी न करता हजारो रुपयांचे कॅलिपर बदललेले मी पाहिलेत.

आता हे यंत्र असतं कसं ते थोडक्यात सांगतो. बहुतेक लहान गाड्यांच्या कॅलिपरला एकच पिस्टन असतो, तोही आतल्या बाजूला. तुम्ही पाय दाबला की ऑइल पिस्टनला ढकलतं, पिस्टन आतल्या पॅडला डिस्कवर टेकवतो. बाहेरच्या पॅडला ढकलायला कोणीच नसतं. आतलं पॅड टेकलं की त्याच जोराने कॅलिपरचं अख्खं धूड आतल्या दिशेला सरकतं आणि बाहेरच्या पॅडला ओढून आणतं. हे सरकणं होतं दोन पिनांवर, बोटाएवढ्या जाडीच्या, रबरी टोप्या घातलेल्या. टेबलाचा खण जसा पट्ट्यांवर सरकतो तसा कॅलिपर या पिनांवर सरकतो. खण फुगला तर तुम्ही लाथ मारून बंद कराल, कॅलिपरला लाथ मारायला तिथे कोणी नसतं.

आणि पाय उचलल्यावर पिस्टन मागे कोण घेतं? लोकांना वाटतं आत स्प्रिंग असेल. नसते. पिस्टनभोवती चौकोनी छेदाची एक रबरी रिंग असते. पिस्टन पुढे जाताना ती जरा पिळवटते आणि दाब गेला की आपल्या जागी येताना पिस्टनला केसभर मागे ओढते. बस, तेवढंच. अख्खी गाडी मोकळी धावते ती त्या केसभर अंतरावर. पिस्टनला गंजाचा एक फोड आला किंवा ती रिंग कडक झाली की ते अंतर संपलं.

गुरुजींच्या गाडीचा खालचा बोल्ट काढून कॅलिपर वर उलटवला. आतलं पॅड दोन मिलिमीटर उरलेलं, बाहेरचं आठ. एकाच चाकातली दोन पॅडं अशी आई-मुलासारखी दिसली की माझा पहिला संशय पिनांवर जातो. नवं पॅड साधारण दहा मिलिमीटरचं असतं, तीनवर आलं की बदलायचं. खालची पिन हाताने आली, पण कोरडी ठणठणीत. वरची मात्र फिरत होती आणि सरकत नव्हती. आता गंमत बघा. पॅड बदलताना सगळेच खालचा एक बोल्ट काढतात, कॅलिपर वरच्या पिनेवर दारासारखा उलटवतात, पॅड घालतात आणि बंद करतात. काम वीस मिनिटांत होतं. त्यामुळे वरची पिन दहा वर्षं उजेड पाहत नाही.

गंज सोडवायचं तेल मारलं, चहा घेतला, पुन्हा मारलं. पकडीने उजवी-डावीकडे पिळत पिळत अर्ध्या तासाने ती पिन बाहेर आली. तिच्यावर तांबडा गंज तर होताच, पण भोकाच्या तळाशी राखाडी, मैद्यासारखी बारीक माती बसलेली होती. बोटांवर घेतली आणि गुरुजींना विचारलं, “पुरात होती का हो गाडी?”

ती माती चिपळुणातला माणूस ओळखतो. २२ जुलै २०२१ च्या पुरानंतर आम्ही ती कपाटांतून, मिक्सरच्या भांड्यांतून, लग्नाच्या अल्बममधून काढलीय. गुरुजींची गाडी त्या दिवशी बाजारपेठेत मेव्हण्यांच्या दारात होती, बोनेटपर्यंत पाण्यात. नंतर विम्यातून इंजिन धुतलं, वायरिंग बदललं, सीट, कार्पेट, सगळं झालं. गाडी नव्यासारखी दिसायला लागली. ब्रेकच्या टोपीतला चिखल मात्र तिथेच राहिला आणि गंजाला वर्षानुवर्षं पुरला. त्या पुरातल्या किती तरी गाड्या नंतर विकल्या गेल्या, आज त्या कुठल्या तरी चौथ्याच गावात कोणाच्या तरी दारात असतील. जुनी गाडी घेणाऱ्यांनी कार्पेट उचलून बघण्यापेक्षा चाक काढून पिना बघाव्यात. कार्पेट सगळेच बदलतात.

दुरुस्ती म्हणाल तर त्यात जादू नाही, पण घाई करायची नाही. पिस्टनही बघायचाच होता, म्हणून नळी सोडण्याआधी ब्रेकचं पॅडल हळूहळू दाबून तो पुढे आणला. काही जण कॉम्प्रेसरच्या हवेने काढतात, मीही काढतो, पण मध्ये लाकडाचा ठोकळा ठेवून आणि बोटं लांब ठेवून. हवेने सुटलेला पिस्टन बोट तोडतो, माझ्या उस्तादांचं अर्धं बोट असंच गेलं होतं. गुरुजींच्या पिस्टनचा मुलामा शाबूत होता, बाहेरच्या कडेला थोडे डाग होते, ते निघाले. मुलामा उखडून खड्डे पडलेले असते तर मी पिस्टनच नवा घातला असता. खड्डे पॉलिश पेपरने घासून ‘चालेल’ म्हणणाऱ्यांपासून सावध. नवी रिंग ताज्या ब्रेक ऑइलमध्ये बुडवून हाताने बसवली, धूळ अडवणारी टोपी नवी घातली. कॅलिपर सुटा असताना तो नळीवर लोंबकळत ठेवायचा नाही, तारेने वर बांधायचा, नाही तर नळी आतून तडकते आणि बाहेरून दिसत नाही.

त्यानंतर ज्याकडे कोणी बघत नाही ते काम: पॅडचे कान. पॅडच्या दोन टोकांना जे कान असतात ते स्टीलच्या पातळ क्लिपांत बसतात. क्लिपांखालचं लोखंड गंजून फुगतं, क्लिप वर उचलली जाते आणि पॅड खोबणीत अडकतं. पॅड हातोडीने ठोकून बसवावं लागत असेल तर समजायचं, चुकतंय. पॅड हाताच्या बोटांनी सरकत आत गेलं पाहिजे. क्लिपा काढून खालचा गंज कानशीने साफ केला, तेव्हा कुठे नवी पॅडं सहज बसली. पिनांच्या भोकांतला चिखल काढला, दोन्ही पिना साफ करून सिलिकॉनचं ब्रेक ग्रीस लावलं आणि टोप्या नव्या घातल्या. दोन पिनांपैकी एकीच्या टोकाला बऱ्याच गाड्यांत रबराची बारीक बाही असते. ती पिन ज्या भोकाची असेल त्यातच जायला हवी, अदलाबदल केली तर सहा महिन्यांत पुन्हा हाच खेळ. बोल्ट टॉर्क पान्याने आवळले, ऑइल बदलून हवा काढली. दुसऱ्या बाजूच्या कॅलिपरलाही तेच केलं, कारण उजवी बाजूही त्याच पुरात होती. दोन्ही बाजूंची नवी पॅडं धरून बिल झालं चार हजार दोनशे. गुरुजींनी ते फायलीत लावलं आणि मला म्हणाले, “तुझं अक्षर अजून तसंच आहे रे.” मी त्यांचा विद्यार्थी, हे सांगायचं राहिलं.

आता ग्रीसबद्दल. यात माझी स्वतःची एक चूक आहे आणि ती सांगितल्याशिवाय मला दुसऱ्याच्या बिलांना नावं ठेवायचा अधिकार नाही. गॅरेज सुरू केलं त्या पहिल्या दोन-तीन वर्षांत मी पिनांना चाकाच्या बेअरिंगचं साधं ग्रीस भरत असे. उस्ताद भरत होते, म्हणून मी भरत होतो. खनिज तेलाचं ग्रीस पिनेच्या रबराला चालत नाही, रबर फुगतं आणि पिन भोकात आवळली जाते. गावातल्या एका डॉक्टरांची गाडी अशी दोन महिन्यांत परत आली. मी ‘रबर डुप्लिकेट आहे’ म्हणून दुसरं घातलं, पुन्हा तेच ग्रीस लावलं आणि पुन्हा पैसे घेतले. तिसऱ्यांदा ती गाडी कुंभार्लीतच अडकली, नशिबाने चढताना. कारण मला त्यानंतर वर्षभराने कळलं, एका स्पेअर पार्टच्या दुकानात पुडीवरचा मजकूर वाचताना. डॉक्टर आता नाहीत. ते पैसे मी परत केले नाहीत. रॉकेल आणि पेट्रोलने ब्रेकचं रबर धुण्याचंही तेच, आजही ठिकठिकाणी चालतं. धुवायचं तर ताज्या ब्रेक ऑइलने.

प्रत्येक वेळी दोष कॅलिपरचाच असतो असंही नाही. खेडकडच्या एका नर्सताईंची गाडी आली होती. ब्रेक दाबला की उजवं चाक धरायचं, दहा-पंधरा मिनिटं उभी केली की आपोआप सुटायचं. त्यांना कोणी तरी दोन्ही कॅलिपर नवे घालून दिले होते, दुखणं तसंच. मी निपल उघडला, ऑइलची चिळकांडी उडाली आणि चाक तत्क्षणी मोकळं झालं. म्हणजे दाब अडकलेला होता. मग निपल बंद करून पुन्हा ब्रेक दाबला, चाक धरलं. या वेळी वरच्या बाजूला, जिथे लोखंडी पाइपला रबरी नळी जोडते, तिथला नट सैल केला. चाक सुटलं नाही. तिथे सुटलं असतं तर दोष वर, मास्टर सिलिंडरकडे, म्हणजे पॅडलमागून ऑइल ढकलणाऱ्या भागाकडे. नाही सुटलं म्हणजे मधली नळीच. नळी काढून सुरीने उभी चिरली आणि ताईंना दाखवली. बाहेरून नवीकोरी, आतलं भोक सुजून सुईएवढं राहिलेलं. तुम्ही पाय दाबता तेव्हा ऑइल जोराने त्यातून जातं, पण परत यायला जोर कुठून येणार? ते झिरपत झिरपत येतं, म्हणून दहा-पंधरा मिनिटं. ताईंनी ती चिरलेली नळी मागून घेतली, ज्यांनी कॅलिपर बदलले त्यांना दाखवायला. पुढे काय झालं मी विचारलं नाही.

आता मूळ मुद्द्यावर, तुमच्या ‘ब्रेक फेल’वर. ब्रेकचं ऑइल हवेतली वाफ शोषतं. आमच्या कोकणातली हवा कशी असते ते मीठ ओलं होतं त्यावरून ठरवा. डॉट ३ जातीचं ताजं ऑइल २०५ अंशांच्या आधी उकळू नये असं मानक आहे, पण त्यात पावणेचार टक्क्यांच्या आसपास पाणी मुरलं की हीच मर्यादा १४० वर येते. डॉट ४ असेल तर २३० ची १५५ होते. आता गुरुजींची २४० अंशांची डिस्क आठवा. त्या उष्णतेत पॅड, पॅडमागे पिस्टन, पिस्टनमागे ऑइल. घाट अजून चार वळणं लांब असता तर जुनं ऑइल उकळलं असतं, त्याची वाफ झाली असती, आणि वाफ दाबली जाते, ऑइल दाबलं जात नाही. पाय थेट खाली गेला असता. यालाच लोक ‘ब्रेक फेल’ म्हणतात.

आणि खरी ग्यानबाची मेख इथे आहे. गाडी तासभर उभी राहिली की वाफ निवते, पॅडल पुन्हा कडक होतं. दुसऱ्या दिवशी कोणी तपासायला येतो, पाय दाबतो, ब्रेक लागतो. मग एक तर चालक खोटं बोलतो असं ठरतं, नाही तर ‘ब्रेक फेल’ लिहून फाइल बंद होते. पण चाकात खुणा राहतात. फार तापलेल्या डिस्कवर निळसर झाक येते. पॅड काचेसारखं चकचकीत होतं. पिस्टनची टोपी करपते. एकाच चाकाला हे सगळं आणि बाकी तिन्हींना काही नाही, असं दिसलं तर तो अपघात घाटात झालेला नसतो, तो सहा महिन्यांपूर्वी कुठल्या तरी गॅरेजात, कदाचित माझ्याही, सुरू झालेला असतो. आपल्या वार्ताहरांनी पुढच्या वेळी पोलिसांना एवढंच विचारावं: कोणतं चाक निळं होतं? उत्तर नाही मिळालं तरी चालेल, प्रश्न छापा.

आपल्याकडे धुरासाठी पीयूसी दर वर्षी लागतं. विमा दर वर्षी. पण खासगी कारच्या ब्रेककडे सरकारी नजर जाते ती पंधरा वर्षांनी, नोंदणीचं नूतनीकरण करताना. तोवर ब्रेकचा रखवालदार मालकच. मी नवं सर्टिफिकेट मागत नाहीये. मागितलं तर उद्या पेट्रोल पंपाबाहेर टेबल टाकून शंभर रुपयांना ते मिळायला लागेल, चाक न काढता. मला वाटतं, पीयूसीच्या रांगेत उभं असताना माणसाने उतरून आपल्या गाडीच्या चारी चाकांजवळ तळहात नेला तरी पुष्कळ झालं. पाच मिनिटं उभं राहावंच लागतं तिथे.

हे सगळं आत्ताच लिहितोय त्याला कारण आहे. गणपती तोंडावर आलेत. मुंबई-पुण्याच्या सोसायट्यांत आठ-आठ महिने उन्हापावसात उभ्या राहिलेल्या गाड्या एका पहाटे चार माणसं, मखर आणि डिकीभर सामान घेऊन कोकणात उतरतील. उभी गाडी जास्त गंजते हे लोकांना पटत नाही. डिस्कवर तांबडा थर येतो तो दोन ब्रेक मारले की निघतो, त्याने घाबरू नका. पिनेवरचा निघत नाही. (विजेवरच्या गाड्यांचंही हेच होणार आहे बघा. मोटरच वेग कमी करते, पॅड वर्षानुवर्षं टिकतं, मालक खूश, आणि पिना आत गंजत बसतात.) तेव्हा निघण्याच्या निदान आठवडाभर आधी गाडी दहा-पंधरा किलोमीटर फिरवा, शक्यतो कमी ब्रेक मारत, आणि उतरून चाकं तपासा. गॅरेजवाल्याला ‘ब्रेक बघ’ म्हणू नका, ‘चारही पिना बाहेर काढून मला दाखव’ म्हणा. समोरच्या दोन कॅलिपरच्या चार पिना असतात. ऑइल दोन वर्षांत बदललेलं नसेल, काळ्या चहासारखं दिसत असेल, तर बदला.

घाटात करपट वास आलाच तर जागा बघून थांबा. डिस्कवर पाणी ओतू नका, तापलेलं बीड तडकतं. गाडी गिअरमध्ये टाका, चाकाला दगड लावा, चांगला अर्धा-पाऊण तास जाऊ द्या. उतारावर दुसरा गिअर ठेवा, आणि पेट्रोल वाचवायला इंजिन बंद करून गाडी सोडणाऱ्या मामांना पुढच्या सीटवर बसवू नका. इंजिन बंद झालं की ब्रेकला मिळणारी मदतही संपते, दोन-तीन वेळा दाबल्यावर पॅडल दगडासारखं होतं.

गणेशचतुर्थीपर्यंत दर रविवारी सकाळी नऊ ते बारा मी खेर्डीत नाक्यावरच असेन. चाकाला हात लावून सांगायचे पैसे घेत नाही, मांजराला उठवून स्टूलही देईन. पत्र लांबलंय याची कल्पना आहे. जागेअभावी कापायचं झालं तर गुरुजींची गोष्ट कापा, ते रागावणार नाहीत. ग्रीसचा परिच्छेद आणि त्यातले डॉक्टर मात्र राहू द्या.

आपला,
एक गॅरेजवाला
खेर्डी, चिपळूण